फुलीवरची पाखरं

माझ्या नाकावर राग असतो. हे माहेरी कोरेगावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि लग्न होऊन इस्लामपूरकडे आल्यावर इथंही कळायला फार दिवस लागले नाहीत. त्यामुळे पुढचं वाचून कुणी म्हणणार असेल की बाईंनी जरा शांतपणे घ्यायला हवं होतं, तर आधीच सांगते. शांतपणे घेऊन बघितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

मी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत केजीच्या मोठ्या गटाला शिकवते. शाळा गावाबाहेर, उसाच्या फडांना लागून आहे. माझी खोली तळमजल्यावर, अगदी कडेची. पूर्वी तिथं मोडकं सामान पडलेलं असायचं. ते मी हलवून घेतलं, फरशी घासून धुतली आणि खोली तशीच ठेवली, रिकामी. एका कडेला सतरंज्यांची गुंडाळी, कोपऱ्यात पाण्याचा माठ, भिंतीवर फळा, बस्स. लिहायची वेळ झाली की मुलं सतरंज्या पसरून बसत. बाकीचा वेळ ती फरशी त्यांची. शाळा बघायला येणारा प्रत्येक पाहुणा दारात थांबून विचारायचा, "इथलं फर्निचर यायचंय वाटतं?" मी म्हणायचे, "नाही, हे असंच आहे." मग पाहुणा आमच्या साहेबांकडे बघायचा आणि साहेब माझ्याकडे.

साहेब म्हणजे संस्थेचे सचिव. मोठे बागायतदार आहेत. माणूस वाईट नाही, पण रिकामी जागा दिसली की त्यांचा जीव कासावीस होतो. बांधालाही ते ऊस लावतील.

रोज सकाळी आमचा जागेचा तास असायचा. पालक विचारायचे, जागा ही काय शिकवायची गोष्ट आहे का? मी म्हणते, आहे. पाच वर्षांच्या मुलाला आपलं अंग कुठं संपतं आणि शेजारच्याचं कुठं सुरू होतं हे कळत नसतं, म्हणून ते धडकतं, सांडतं, पडतं आणि मार खातं. ज्याला स्वतःचं डावं-उजवं कळलेलं नाही, त्याला इंग्रजी बीचं पोट कुठल्या बाजूला आणि डीचं कुठल्या, हे कागदावर कसं कळणार? आधी ते अंगाला कळावं लागतं. मग आम्ही जमिनीवर दोरी टाकायचो आणि तिच्यावरून, तिच्याखालून, तिच्या भोवतीनं जायचो. उलटं चालायचो. अंगाचं मुटकुळं करून जितकं लहान होता येईल तितकं लहान व्हायचो, आणि मग हातपाय ताणून खोलीएवढं मोठं.

शेवटचा खेळ ठरलेला. सगळ्यांनी खोलीभर फिरायचं. मी टाळी वाजवली की थांबायचं, दोन्ही हात पसरायचे आणि जागेवर एक गिरकी घ्यायची. हात कशालाच लागला नाही तर मोठ्यानं ओरडायचं, "मोकळं!" लागला तर सरकायचं, आणि पुन्हा बघायचं. जूनमध्ये सगळी मधोमध गर्दी करायची आणि एकमेकांच्या डोळ्यांत बोटं घालायची. गणपतीपर्यंत अशी पांगायला लागली की कुणी हातानं मांडून ठेवलीत असं वाटावं. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. मला सांगा, मोठ्या माणसांच्या एसटीच्या रांगेत तरी हे जमतं का?

फक्त एका मुलीला हे जमत नव्हतं. तिचे वडील फौजेत आणि आई सासरी, वस्तीवर. दुपारी तिला न्यायला आजोबा यायचे. तेही फौजेतून निवृत्त झालेले, ताठ चालायचे. ही पोर खोलीत आली की भिंतीला पाठ लावायची आणि भिंतीभिंतीनं माझ्यापर्यंत पोचायची. मधली फरशी ओलांडून कधी यायची नाही. माठ समोरच्या कोपऱ्यात, पण पाणी प्यायचं झालं तरी तीन भिंतींच्या कडेनं फिरून जायची. ‘मोकळं’च्या खेळात तिचा एक हात कायम भिंतीला टेकलेला. त्यामुळे तो शब्द तिनं कधी उच्चारलाच नाही. खोटं ओरडली असती तर कुणी पकडलं नसतं, पण ती ओरडली नाही.

मी आजोबांना विचारलं, घरी हिला कुणी घाबरवतं का? मी जरा चढ्या आवाजातच विचारलं असणार. ते म्हणाले, "आवं बाई, आमचं घर वाटंवर हाय. शिझन लागला की दिसभर ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, उसानं भरल्याल्या. मागं घेताना डायवरला काय दिसतंय? मीच शिकिवलंय तिला. आवाज आला की भितीला चिकटायचं. भितीला चिकटली म्हंजी जित्ती ऱ्हाती."

त्यांचं बरोबर होतं. मला राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून आणखी आला. वाट तिच्या दारातून जाते, ट्रॅक्टरवाल्यांना घाई, आणि शहाणपण शिकायचं कुणी, तर पाच वर्षांच्या पोरीनं.

दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले. शाळेसमोरच्या रस्त्यावरून ट्रॉल्या धावायला लागल्या आणि मुलांनी आपला आपण एक खेळ काढला. तिघांनी एकामागं एक खांद्यावर हात ठेवायचे. पुढचा ट्रॅक्टर, मागच्या दोन ट्रॉल्या. आणि ही सगळी गाडी उलटी घ्यायची, दोन सतरंज्यांच्या मधून. ज्यानं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागं घेतलेला बघितलाय त्याला कळेल की हे किती अवघड आहे. पुढच्यानं डावीकडे वळावं तर मागचा तिसरीकडेच जातो. मी त्यांना काही शिकवलं नाही, नुसती बघत राहिले. सगळी हसून हसून पडत होती.

एकदा अशीच एक गाडी मागं येत येत थेट माठाकडे निघाली. मी पुढं होणार, तेवढ्यात भिंतीला चिकटलेली आमची पोर तिथून ओरडली, "डावं मार! डावं मार!" ट्रॅक्टर झालेल्या मुलाला डावं कुठलं ते काही सुधरेना. तिला राहवेना. ती भिंत सोडून निघाली, मधल्या फरशीवरून तरातरा चालत गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली, आणि दोन्ही हात हलवत, अगदी आजोबांच्या आवाजात सुरू झाली, "येऊ दे... येऊ दे... आनि येऊ दे... बास!" आणि शेवटच्या ट्रॉलीच्या पाठीवर थाप मारली. गाडी सतरंज्यांच्या बरोबर मधे थांबली.

सगळ्या वस्तीवर तिच्याइतकं लक्ष देऊन ट्रॅक्टर कुणी बघितला नसेल. भिंतीला चिकटून दुसरं करायचं तरी काय? मग तिला आपण कुठं उभ्या आहोत ते कळलं. ती खोलीच्या मधोमध होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी टाळी वाजवली. तिनं हात पसरले, एक गिरकी घेतली, आणि म्हणाली, "मोकळं."

मी पदर डोळ्यांना लावला आणि मुलांना सांगितलं की खडूची धूळ गेली.

त्याच आठवड्यात साहेबांनी बोलावलं. केजीसाठी रंगीत बाक आले होते आणि ते माझ्या खोलीत बसवायचे होते. मी म्हणाले, माझ्या वर्गाला नकोत. ते म्हणाले, "मॅडम, पालक फी भरत्यात ते पोयम ऐकायला. हे उड्या मारणं घरी हुतंच की." मी आवाज चढवला. त्यांनी चहा मागवला. शेवटी म्हणाले, "बरं, असं करू. गॅदरिंग होऊ द्या. तुमच्या त्या मोकळ्या खोलीनं पोरांच्यात काय फरक पडलाय, ते स्टेजवर दिसंलच की. दिसला तर ऱ्हाऊ दे खोली तशी." मी कबूल केलं. मुलांवर माझा विश्वास होता. ज्यांच्यावर नव्हता त्यांची अजून गाठ पडायची होती.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून नाचाचे सर आले. शाळेनं त्यांना गॅदरिंगसाठी ठेवलं होतं. टोपी उलटी घातलेली, गळ्यात शिट्टी. ते माझी खोली बघून खूश झाले, कारण सरावाला एवढी मोठी रिकामी जागा अख्ख्या शाळेत दुसरी नव्हती. त्यांनी खिशातून खडू काढला आणि फरशीवर फुल्या मारल्या. प्रत्येक मुलाला एक फुली. "टेन्शन घेऊ नका मॅडम," ते म्हणाले, "एकदा पोझिशन फिक्स झाली की पोरं हलणारच नाहीत."

गाणं होतं पाखरांचं. पाखरं आभाळात उडतात, रानात फिरतात, असलं काहीतरी. आणि फुलीवरून पाय हलला की शिट्टी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, पाखरांचा नाच ना हा? मग उडू द्या की त्यांना, जागा पुरेशी आहे, एकही मूल दुसऱ्याला धडकणार नाही, करून दाखवू का? सर म्हणाले, "व्हिडिओत लाइन वाकडी दिसते मॅडम." झालं, विषय संपला. आजकाल मुलं कशासाठी नाचतात याचं उत्तर त्या एका वाक्यात आहे. समोर शंभर मोबाइल वर धरलेले असतात आणि त्यात रेघ सरळ दिसली पाहिजे.

जागेचा तास बंद झाला. सकाळी शिट्टी, फुल्या आणि तेच गाणं. मुलं खाली मान घालून पायाखालच्या फुलीकडे बघत हात हलवायची. मी रोज संध्याकाळी त्या फुल्या ओल्या फडक्यानं पुसायचे आणि सर रोज सकाळी नव्यानं मारायचे. आमच्यात बोलणं खुंटलं होतं, हे असं चाललं होतं.

आमची पोर नुकतीच भिंत सोडून चालायला लागली होती, म्हणजे तिला आता सगळीकडे जायचं होतं. तिची फुली मागच्या रांगेत. गाण्यात ‘उडू या’ आलं की ती हात पसरून निघायची, सरळ पुढं. दोनदा शिट्टी झाली. तिसऱ्यांदा सरांनी दंडाला धरून तिला बाजूला नेलं आणि सांगितलं, "तू इथं उभी राहा. भिंतीला पाठ लावून. हलायचं नाही."

मी वहाणा काढून ठेवायला दाराबाहेर गेले होते, तेवढ्यात हे झालं. आत आले तर पोर भिंतीला चिकटलेली. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. ओळखीची जागा पुन्हा मिळाल्यासारखी ती उभी होती, आणि तेच मला सहन झालं नाही. सरांना मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. सरांनी मुलीला परत फुलीवर घेतलं, पण आता तिला काही सांगावं लागत नव्हतं. ती फुली सोडत नव्हती. सर म्हणाले, "बघा, आली की नाही लायनीवर?"

गॅदरिंग एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात होतं. आदल्या संध्याकाळी सरांनी जाऊन स्टेजच्या फळ्यांवर फुल्या मारल्या, पांढऱ्याधोप, मोठ्या. मुलांना नेऊन ज्याची त्याला दाखवली. मी तेव्हाच म्हणाले होते, ही फुल्यांवर टांगलेली मुलं आहेत, फुली गेली की पडतील. कोण ऐकतंय!

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मांडववाला आला. मोठे पाहुणे येणार म्हणून साहेबांनी त्याला बजावलं होतं की स्टेज कसं झोकात दिसलं पाहिजे. त्यानं इमानेइतबारे या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल गालिचा अंथरला आणि कडा खिळ्यांनी ठोकून टाकल्या.

पडदा उघडला. भाड्यानं आणलेले पंख लावलेली माझी पोरं रांगेनं आत गेली आणि थांबली. गाणं सुरू झालं. कुणीच हात हलवेना. सगळी खाली बघत होती. एक इकडे गेला, एक तिकडे, एकीनं बसून गालिच्यावर हात फिरवला. एकानं तर गालिच्याची कड उचलायचा प्रयत्न सुरू केला. पडद्याआडून सर ओरडत होते, "फुलीवर! फुलीवर!" पुढच्या रांगेतला एकजण माइकला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "सर, फुल्याच न्हाईत!"

पटांगण हसून कोसळलं. मोबाइल आणखी वर गेले. पाहुणे हसले, साहेबांनी कपाळाला हात लावला. आणि माझी मुलं, जी डोळे मिटून त्या स्टेजवर पांगली असती, ती सगळ्या गावासमोर खडूची फुली शोधत रडकुंडीला आली होती. आमची पोर मागच्या पडद्याला पाठ लावायला गेली, पण तो कापडाचा. तो मागं सरकला आणि ती दचकली.

मी पडद्याआडून बाहेर आले, सरळ स्टेजवर, आणि जोरात टाळी वाजवली.

मुलांनी माना वर केल्या. मला बघितलं. हात पसरले गेले. पंखांमुळे हात एरवीपेक्षा लांब झाले होते, म्हणून सरकावंही जास्त लागलं, पण ती सरकली, एकेक करून, आणि मग "मोकळं! मोकळं!" असा गलका झाला. गाण्याचं कुणाला भानच राहिलं नाही. तिघांची गाडी झाली, मग आणखी एक झाली, आणि पंख लावलेले ट्रॅक्टर लाल गालिच्यावर उलटे जायला लागले. एक गाडी स्टेजच्या कडेकडे निघाली, तशी आमची पोर पडदा सोडून पुढं आली, अगदी पुढं, दिव्यांच्या झोतात. "येऊ दे... येऊ दे..." प्रेक्षकांतून आजोबा उभे राहिले आणि तेही ओरडले, "बास कर, बास!" आणि सगळं पटांगण, ज्यांच्या दारातून रोज उसाच्या गाड्या जातात ते सगळं पटांगण, टाळ्या वाजवायला लागलं.

एकही मूल पडलं नाही. एकही दुसऱ्याला धडकलं नाही. फरक बघायचा होता ना? हा घ्या फरक.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. पालकांच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरत होता. लोक हसत होते, म्हणजे कौतुकानंच हसत होते, पण साहेबांना तो फरक ओळखू आला नाही. "पावण्यांसमोर लाज गेली, मॅडम. डिशिप्लिन म्हणून न्हाई पोरांच्यात." मी विचारलं, टाळ्या कुणासाठी वाजल्या? ते म्हणाले, "ती गंमत झाली." नाचाच्या सरांना पुढच्या वर्षाचंही काम मिळालं होतं. पुढच्या वर्षी गालिच्यावर रंगीत टेप चिकटवायची, एवढाच धडा सगळ्यांनी मिळून घेतला होता.

बाक बसले. लाल, पिवळे, हिरवे, दिसायला गोजिरे. मुलं ते सरकवतील म्हणून फरशीला भोकं पाडून बोल्ट मारले. माठ बाहेर गेला. सतरंज्या कपाटावर गेल्या. मी साहेबांशी भांडले, मुख्याध्यापिकांशी भांडले, ज्या दोघातिघा पालकांनी ‘आता कसं शाळेसारखं वाटतं’ असं लिहिलं त्यांच्याशीही भांडले. घरच्यांनी सांगितलं, सोडून दे, नोकरी जाईल. सोडून द्यायला ती काय माझी खोली होती?

त्या सकाळी मुलं आली आणि हाताची घडी तोंडावर बोट करून आपापल्या बाकावर बसली. आमची पोर दारातून दोन बाकांच्या मधल्या बोळात आली आणि थांबली. तिनं हात पसरले. डावा हात हिरव्या बाकाला लागला, उजवा पिवळ्याला. ती सरकली, पुन्हा पसरले, पुन्हा लागले. खेळाचा नियम ती पाळत होती. सरकत सरकत ती बोळाच्या शेवटी भिंतीपाशी पोचली आणि मागं वळून मला म्हणाली, "टीचर, मोकळं कुठं गेलं?"

दुसऱ्या दिवशी मी आमच्या घरच्या ट्रॅक्टरच्या पेटीतला पाना पिशवीत घालून नेला. शाळा भरायच्या आधी मधल्या बाकांचे नट सोडले. हात काळे झाले, साडीला ग्रीस लागलं. बाक ओढत ओढत व्हरांड्यात नेऊन ठेवले. काय व्हायचं ते होऊ दे. नोटीस येईल असं मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि ती आलीही.

मुलं यायला लागली. आमची पोर नेहमीपेक्षा लवकर आली होती. दारात उभी राहून तिनं मधे झालेली ती लहानशी जागा बघितली, व्हरांड्यातले बाक बघितले, माझे हात बघितले. मग मधे जाऊन उभी राहिली. मी टाळी वाजवली. तिनं हात पसरले, गिरकी घेतली, आणि आधी एकदा दाराकडे, एकदा खिडकीकडे बघून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं पुटपुटली, "मोकळं."

पाच वर्षांच्या पोरीला हा शब्द चोरून म्हणावा लागला. पाना अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.